बंबाची नळी

भोगीच्या संध्याकाळी आईने देवापुढे फुलवात लावली आणि ती भप्पकन पेटली. निरांजनातली ज्योत एरवी कशी, बोटाच्या पेराएवढी, शहाण्यासारखी उभी असते. ही एकदम वीतभर उठली, पिवळीजर्द, टोकाला काळी, आणि पाठोपाठ घरभर केस जळाल्याचा वास. मी ओट्यापाशी बाजरीची भाकरी थापत होते. वळून बघेपर्यंत आईने शेजारची पितळी वाटी निरांजनावर पालथी घातली होती. फुंकर मारली नाही, पाण्यासाठी हाका मारल्या नाहीत, नुसती वाटी पालथी. वाटीच्या कडेखालून धुराची एक बारीक रेघ सरपटत बाहेर आली आणि संपली. आईने तळहात साडीला पुसला. "तुमच्याकडचा कापूस बरा नाही हं," ती म्हणाली.

तो आमच्याकडचा होता हे खरं, पण कापूस नव्हता. दिवाळीला येताना आईने आणलेला वातींचा पुडा मार्गशीर्षातच संपला. इथे अमेरिकेत औषधांच्या दुकानात मिळणारे कापसाचे गोळे तिला पसंत नाहीत, 'दाबून दाबून मारलेले' असं तिचं त्यांच्याबद्दल मत. मग एक दिवस तिला कपडे वाळवायच्या मशीनच्या, ड्रायरच्या, जाळीवरचा तो मऊ, राखाडी, साबणाच्या वासाचा थर दिसला, जो मी दर खेपेला बोटाने गुंडाळून कचऱ्यात टाकते. दोन-तीन आठवडे ती मला न सांगता तो श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात साठवत होती. दुपारी मी कामाच्या मीटिंगमध्ये असताना खिडकीशी बसून तिने त्याच्या फुलवाती वळल्या. चांगल्या पन्नास-साठ असतील. टोकाला तुपाचं बोट लावून, खालचा फुलोरा मोकळा ठेवून, अगदी रीतसर. त्या कोरड्या फुलोऱ्यानेच घात केला.

मी जरा चिडलेच. आता आठवलं की माझाच आवाज मला टोचतो. "आई, तो कापूस नाही. कपड्यांचा झडलेला भुसा आहे तो. त्यात पॉलिएस्टर आहे, आपले केस आहेत, काय काय आहे. इथे लिंट म्हणतात त्याला, आणि ते पेट्रोलसारखं पेटतं, सगळ्यांना माहीत आहे." सगळ्यांना माहीत आहे, हे मी दोनदा म्हणाले. आई चिंच लावून निरांजनाची काजळी काढत होती. काढता काढता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "जाळीत एवढा येतो, मग जाळीतून निसटतो तो कुठे जातो?"

बाहेर जातो, मी म्हणाले. बाहेर म्हणजे कुठे? अगं, भिंतीतून नळी आहे, ती बाहेर निघते. "आणि ती नळी कोण झाडतं?"

कोणीच नाही. नऊ वर्षं.

न्यू जर्सीतल्या या टाउनहाउसमध्ये आम्ही आलो तेव्हा वरच्या मजल्यावर, बेडरूमच्या शेजारीच धुलाईची खोली आहे याचं मला फार कौतुक वाटलं होतं. खोली कसली, दोन दारांचं कपाट. त्यात वॉशर आणि ड्रायर एकमेकांना खेटून उभे. बांधणाऱ्याने जाहिरातीत ही सोय म्हणून लिहिली होती. तळघरातून कपड्यांचे ढीग वर वाहायला नकोत. पण तळघरातल्या ड्रायरची नळी भिंत ओलांडली की बाहेर असते, आणि वरच्या मजल्यावर घराच्या पोटात बसवलेल्या ड्रायरची नळी जमिनीखालच्या तुळयांमधून, वळणं घेत, अख्खं घर पार करून जाते. हे जाहिरातीत नव्हतं. मला तरी ते घर घेताना कुठे सुचलं? मी स्वतः इंजिनीयर. आईचं शिक्षण जुनी अकरावी. तिने जो प्रश्न विचारला तो विचारायला अकरावीसुद्धा लागत नाही. त्याला बंब लागतो.

चिपळूणच्या आमच्या घरी न्हाणीत तांब्याचा बंब होता. मधोमध नळी, खाली जाळी, वरून करवंट्या नाहीतर नारळाच्या शेंड्या टाकायच्या. नळीच्या आत काजळी धरे. दर रविवारी सकाळी, बंब पेटवायच्या आधी, बाबा हिरांची जुडी काठीला बांधून ती नळी वरून खाली झाडत. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर काळा भुगा भुरभुर पडायचा, आणि बाबांच्या कपाळावर हमखास एक पट्टा. एखाद्या रविवारी राहिलंच तर सोमवारी न्हाणीत धूर कोंडायचा. नळी तुंबली हे सांगायला कोणी माणूस यावं लागत नसे, डोळ्यांतलं पाणीच सांगे. गंमत म्हणजे आपल्याकडे पाणी तापवतो तोही बंब आणि आग विझवायला घंटा वाजवत येतो तोही बंब. लहानपणी मला वाटायचं, एकाची चूक निस्तरायला दुसरा येतो.

त्या घरातल्या प्रत्येक विस्तवाला त्याची त्याची साफसफाई होती, हे मला आत्ता लिहिताना जाणवतंय. चुलीतली राख काढायची. कंदिलाची काच राखेने पुसायची, वात कातरायची, कारण वात वाकडी कातरली की काच एका बाजूने काळी होते. पंपाच्या स्टोव्हला पिन मारायची. पिन मारणं हे मोठ्यांचं काम. मला ते करायला मिळालं तेव्हा मी सातवीत होते आणि मला मुंज झाल्यासारखं वाटलं होतं. फुरफुरणारा पिवळा जाळ पिन मारली की निळा होऊन सूं सूं करत सरळ उभा राहायचा. आणि त्याच वर्षांत पेपरात दर आठवड्याला एखादी चार ओळींची बातमी असायची, 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू'. आई ती वाचून पेपर घडी घालून ठेवायची. काही स्टोव्ह फक्त सुनांच्याच अंगावर कसे भडकतात, हे तेव्हा मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. विस्तवाबद्दल बायकांना जे माहीत असतं ते सगळंच काही स्वयंपाकातून आलेलं नसतं.

तर आई विचारत होती ते साधंच. इथेही नळी आहे, इथेही काजळीसारखं काहीतरी धरतंय, मग रविवारी कोण झाडतं?

त्या रात्री मी झोपले नाही असं नाही, झोपले. पण झोपण्यापूर्वी ड्रायर लावायला गेले आणि हात बटणावर थांबला. आमची कित्येक वर्षांची पद्धत ही: साडेदहाला ड्रायर लावायचा आणि झोपायचं. त्याचा घों घों आवाज भिंतीपलीकडून येत राहायचा. मुलगी लहान होती तेव्हा त्या आवाजावर झोपायची. सकाळी उठून दार उघडलं की कपडे कधी कोमट, कधी चक्क दमट. दमट असले की पुन्हा एकदा फिरवायचे. गेल्या दोन वर्षांत 'पुन्हा एकदा' हे रोजचं झालं होतं. मी मशीनला म्हातारं म्हणून मोकळी झाले होते. जीन्स तर तीन-तीनदा. कपाटाची दारं उघडली की आतून पावसाळ्यासारखी ओलसर ऊब यायची, मशीनच्या वरच्या पत्र्यावर हात ठेववत नसे. मला ती ऊब आवडायची, हे कबूल करते. बाहेर शून्याखाली असताना मी कित्येकदा त्या पत्र्यावर पाठ टेकून फोनवर बोलले आहे.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. तिळाच्या लाडवांचा पाक होईपर्यंत मी बसून वाचलं. ड्रायर करतो काय, तर खोलीतली हवा ओढून घेतो, तारेच्या वेटोळ्यावरून ती तापवतो, ओल्या कपड्यांमधून काढतो आणि वाफेसकट बाहेर फेकतो. तेवढ्यासाठी त्याला घरातल्या बाकीच्या वस्तूंसारखी १२० व्होल्टची वीज पुरत नाही, २४० व्होल्टची स्वतंत्र तार लागते. नळी तुंबली की वाफेला वाट राहत नाही. हवा अडते, कपडे ओले राहतात, आपण पुन्हा बटण दाबतो, आतली उष्णता आणखी वाढते, आणि वेटोळ्याच्या आसपास, पत्र्याच्या आत, जाळीतून निसटलेला तोच भुसा साठलेला असतो ज्याच्या आईने फुलवाती केल्या. अति तापलं तर तोडणारा एक छोटा फ्यूज असतो. तो एकदाच उडतो, मग बदलावा लागतो. उडाला की लोक म्हणतात मशीन बिघडलं. आणि पुष्कळदा नवीन मशीन आणून त्याच तुंबलेल्या नळीला जोडतात. मी तेच करणार होते. सेलमध्ये एक बघूनही ठेवलं होतं.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब मांडला होता. घरांमधल्या ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९००. माणसं दगावली साधारण ५, जखमी १००, नुकसान साडेतीन कोटी डॉलर. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा लहानच. पण कारणांत सर्वांत वर काय होतं, तर साफ न करणं, ३४ टक्के. आणि महिना? सर्वांत जास्त आगी जानेवारीत. का ते उघड आहे. जाड कपडे, बाहेर वाळत घालायची सोय नाही, आणि मशीन दिवसरात्र चालू. आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर जानेवारीचं पान होतं आणि त्यावर आईने दुधाचा हिशेब लिहिला होता.

बाहेर वाळत घालायची सोय नाही म्हणजे तारेला जागा नाही असं नव्हे. मागे डेक आहे, ऊन आहे, वारा आहे. आई आली त्या आठवड्यात, ऑक्टोबरच्या लख्ख उन्हात, तिने आपली सुती साडी डेकच्या कठड्यावर पसरली. किती सुंदर दिसत होती, हिरव्या काठाची. चौथ्या दिवशी आमच्या वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं. बाहेरून दिसेल अशा ठिकाणी कपडे वाळवू नयेत, अमुक कलम. इथे फ्लॉरिडा, व्हर्मॉन्ट, मेन अशा काही राज्यांनी उन्हात कपडे वाळत घालायचा हक्क कायद्याने दिला आहे. हक्क! मी आईला हे सांगितलं तेव्हा ती हसायची थांबेना. सूर्य सरकारने मंजूर केला म्हणायचा. पत्र मात्र तिने नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं, चिपळूणला दाखवायला.

चिपळूणला तरी चार महिने कुठलं आलंय ऊन? आषाढाची झड लागली की घरातली सगळी दोरखंडं आडवी-उभी बांधली जायची. पडवीत, माजघरात, देवघराच्या दारावरून. छताच्या दांडीवर काठीने कपडे चढवायचे आणि त्याखालून वाकून वावरायचं. शाळेच्या फ्रॉकची शिवण तीन दिवस ओली. त्या कुबट वासाची एवढी सवय होती की श्रावणात पहिलं ऊन पडून कपडे खरोखर वाळले की ते आपले वाटायचे नाहीत. ड्रायरमधून पहिल्यांदा गरम टॉवेल काढून तोंडाला लावला तो क्षण मला अजून आठवतो. मी अमेरिकेत कशासाठी आले याची मी लोकांना बरीच भारदस्त कारणं देते, पण त्या टॉवेलचं नाव त्यात घ्यायला हवं.

संक्रांतीच्या दुपारी मी ड्रायर चालू केला, नवऱ्याचे बूट घातले आणि घराच्या बाजूने बर्फातून चालत गेले, ती नळी बाहेर कुठे निघते ते बघायला. नऊ वर्षांत मी घराची ती बाजू एक-दोनदाच पाहिली असेन. वरच्या मजल्याच्या उंचीवर एक पांढरी प्लास्टिकची टोपी दिसली. ड्रायर चालू असताना तिथून थंडीत वाफेचा लोट निघायला हवा. शेजारच्या घराच्या टोपीतून निघत होता, झडप फडफडत होती. आमच्या टोपीतून काहीच नाही. खालच्या बाजूने एक करडी दाढी लोंबत होती, तिला बर्फाचे मणी लागलेले.

दाढी जाळीला लागली होती, आणि जाळी आमचीच. चार वर्षांपूर्वी वसंतात त्या टोपीत चिमण्यांनी घरटं केलं होतं. या चिमण्या अगदी आपल्याच, घरचिमण्या. १८५१ च्या सुमारास कोणीतरी त्यांना इंग्लंडहून आणून ब्रुकलिनमध्ये सोडलं आणि त्या देशभर पसरल्या. बिनव्हिसाच्या. पिल्लं उडून गेल्यावर नवऱ्याने घरटं काढलं आणि पुन्हा होऊ नये म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून तारेची जाळी आणून शिडीवर चढून घट्ट बसवली. आम्ही दोघांनी खाली उभं राहून त्या कामाचा फोटोही काढला होता. ड्रायरच्या तोंडावर जाळी लावू नये हे इथल्या बांधकामाच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. पाणी जाईल, हवा जाईल, पण लिंट अडकेल, आणि अडकलेल्या लिंटवर आणखी लिंट. चिमण्या बाहेर राहिल्या, आणि आम्ही आत तेच घरटं स्वतः विणत बसलो. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "जाळी मात्र मजबूत बसली होती."

नळी साफ करणारा माणूस दोन दिवसांनी आला. पन्नाशीचा, गुडघ्यांना पॅड बांधलेला, अबोल. त्याने ड्रायर ओढून पुढे घेतला आणि मागची चंदेरी, ॲकॉर्डियनसारखी पातळ नळी काढून माझ्या हातात दिली. हातात घेतल्यावर ती जड लागली. तिच्या प्रत्येक सुरकुतीत करडा चिखल घट्ट बसला होता. मग त्याने लवचीक दांड्या एकमेकींना जोडत, पुढे ब्रश लावून, मागून ड्रिलने फिरवत त्या भिंतीत सारायला सुरुवात केली. एक दांडी, दुसरी, तिसरी. आई पाट घेऊन समोरच बसली होती. एका ठिकाणी ब्रश अडला. तो म्हणाला, इथे कोपरा आहे. पुढे आणखी एक. अशी नळी चार इंच व्यासाची हवी, आतून गुळगुळीत धातूची, आणि लांबी सहसा ३५ फुटांपेक्षा जास्त नको; दर काटकोनी वळणाला त्यातले पाच फूट कमी धरायचे. आमची तीन वळणं. म्हणजे परवानगी २० फुटांची आणि नळी त्याच्या हिशेबाने तीसच्या आसपास. सांध्यांना कोणीतरी लांब स्क्रू मारलेले, त्यांची टोकं आत निघालेली, आणि प्रत्येक टोकाला एक करडं शेपूट.

मग तो भुसा बाहेर यायला लागला. भुसा नव्हेच, दमट हवेने दाबून बसलेली घोंगडी होती ती. वळकटीच्या वळकट्या. दोन मोठ्या पिशव्या भरल्या. एका तुकड्याला थर होते, आईने तो उचलून खिडकीपाशी नेला. खाली फिकट निळा, वर करडा, त्यावर लालसर मरून पट्टा. तो मरून मी ओळखला. मुलगी सहावीत असताना घेतलेलं पांघरूण, पहिले सहा महिने सगळ्या पांढऱ्या कपड्यांना गुलाबी करत होतं. मुलगी आता कॉलेजात आहे आणि पांघरूण केव्हाच देऊन टाकलं. भिंतीत मात्र होतं. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. भीती म्हणावी तर थोडी माया होती त्यात, आणि माया म्हणावी तर पोटात गोळा आला होता. त्या पट्ट्याच्या बरोबर पलीकडे तिची बेडरूम.

त्याने जाताना चार गोष्टी सांगितल्या, हिशेबाच्या कागदावर लिहितो तशा कोरडेपणाने. सुगंधी कागद ड्रायरमध्ये टाकत असाल तर त्यांचा मेणचट थर जाळीवर बसतो, डोळ्यांना दिसत नाही. जाळीवर पाणी ओतून बघा, साचून राहिलं तर साबणाने घासा. मी लगेच बघितलं, पाणी ताटलीत राहावं तसं राहिलं. झोपताना, बाहेर जाताना मशीन चालू ठेवू नका. कधी आत पेटलंच तर दार उघडू नका, बंद करा, बाहेर पडा, बंबाला फोन करा. "का?" आईने मला विचारायला लावलं. दार उघडलं की हवा मिळते. मी मराठीत सांगितलं तेव्हा ती नुसती माझ्याकडे बघून भुवया उंचावून बसली. मला वाटी आठवली.

चौथी गोष्ट तेलाची होती आणि ती आईवरच आली. ती रोज रात्री गुडघ्यांना तिळाचं तेल चोळते आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून झोपते. तो टॉवेल धुऊनही तेलकट राहतो. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता देतं. कपडा पसरलेला असला की ती उडून जाते, गरम गरम कपड्यांच्या ढिगात असला की ती आतच कोंडते, आणि तासा-दोन तासांनी, मशीन बंद असताना, टोपलीतला ढीग आपणहून धुमसू शकतो. जवसाचं तेल या बाबतीत सर्वांत वाईट, करडईचंही त्याच गोत्रातलं, तिळाचं मधलं, खोबरेल बिचारं जवळजवळ निरुपद्रवी. आमच्या ओट्यावरची फडकी म्हणजे तर करडईच्या तेलात मुरलेली. हे मला पटायला वेळ लागला, आईला अजिबात लागला नाही. "पेंढा ओला असताना उडवी रचली की आतून तापतेच," ती म्हणाली. "हात घालून बघायचे लोक." त्या दिवसापासून तिचा टॉवेल न्हाणीघरात दांडीवर वाळतो. असोसिएशनला तो दिसत नाही.

लंडनमध्ये २०१६ च्या ऑगस्टमध्ये शेफर्ड्स बुश भागातल्या १८ मजली इमारतीत मोठी आग लागली होती, ती एका फ्लॅटमधल्या सदोष ड्रायरमुळे. तेव्हा मी ती बातमी वाचली होती, हळहळलेही होते, आणि बहुधा त्याच रात्री ड्रायर लावून झोपलेही असेन. त्यापेक्षा लाज वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. वरच्या बोळातला धुराचा अलार्म. आमच्याकडे फोडणी घातली की तो ठणाणा करतो, मग कोणीतरी त्याच्याखाली उभं राहून टॉवेल हलवायचा, हा इथल्या प्रत्येक मराठी घरातला विधीच आहे. एकदा बॅटरी संपत आल्यावर तो पहाटे तीनला दर मिनिटाला चिवचिवायला लागला, तेव्हा झोपेतच काढून ठेवला होता. उद्या लावू म्हणून. तो आता खणात सापडला, जुन्या राख्या आणि चार्जरच्या वायरींखाली. पाठीवर तारीख होती. दहा वर्षांनी बदलायचा असतो. त्याची दहा वर्षं खणातच भरली होती.

नळीवाला गेल्यावर संध्याकाळी आम्ही दोघी कपड्यांच्या घड्या घालत बसलो होतो. एकाच फेरीत खडखडीत वाळले होते, अभ्रे अजून गरम होते. आई म्हणाली, तू दीड महिन्याची होतीस. कुठलाही संदर्भ नाही, एकदम. मी म्हटलं, केव्हा?

"श्रावण होता, पण पाऊस आषाढाचा. तुझे लंगोट वाळेनात. शेगडीत निखारे घालायचे, वर डालगं पालथं आणि त्यावर लंगोट-दुपटी पसरायची. ओव्याची धुरी द्यायची तीपण त्यातच. मी जवळ बसायचं, उलटवत राहायचं. मला डोळा लागला." एक अभ्रा तिने पुन्हा उलगडून पुन्हा घडी केला. "लंगोट घसरला डालग्यातून खाली. वास माजघरात गेला तुझ्या आजीला. आली, डालगं तसंच जळतं उचललं हातांनी, आणि पागोळ्यांत फेकलं. तू दोन हातांवर झोपली होतीस."

मी काही बोलले नाही. काय बोलायचं असतं? "आजी काय म्हणाली?"

"काही नाही. एक शब्द नाही. दुसऱ्या दिवसापासून शेगडीपाशी त्याच बसायला लागल्या. पाऊस संपेपर्यंत मला बसू दिलं नाही. तुझ्या बाबांना त्यांनी सांगितलं नाही, मीही नाही. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं." आणि मग, घड्यांचा गठ्ठा सारखा करत, "परवा तू ओरडलीस ना माझ्यावर, ते बरंच केलंस."

मला ते बरं केलं असं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. आजीचे तळहात मी लहानपणी पाहिलेले आठवतात का, हे मी त्या रात्री पुष्कळ आठवून पाहिलं. भाकरी थापणारे हात आठवतात. बाकी काही नाही.

शनिवारी पुन्हा धुणं निघालं. नळी आता कडक, गुळगुळीत पत्र्याची आहे आणि बाहेरची टोपीही नवी, झडप असलेली. मी ड्रायर लावला आणि बाहेर बघायला निघाले, तर आई म्हणाली मीपण येते. पायात माझे मोजे, त्यावर मुलीचे बूट, साडीवर नवऱ्याचं जाकीट, डोक्याला शाल. पायऱ्यांवर मीठ टाकलेलं होतं तरी तिने माझा दंड सोडला नाही. घराच्या त्या बाजूला वळलो तर वर झडप टप टप करत होती आणि वाफेचा जाडजूड पांढरा लोट थंडीत तिरका वर जात होता. साबणाचा वास होता. आईने शालीतून हात बाहेर काढले आणि वरच्या दिशेने, शेगडीपुढे धरतात तसे, उघडे धरले. तिथून ऊब काही खाली पोचत नव्हती. तरी धरले.

"झाडली म्हणायची नळी," ती म्हणाली. मग डोळे बारीक करून बघत राहिली. "जाळी काढलीत. आता चिमण्या येतील."

"झडप आहे, आई. मशीन बंद झालं की आपणहून मिटते."

"येतील," आई म्हणाली.